सहा खोल्यांना एक

आमच्या आरोग्य उपकेंद्रावरच्या सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सिस्टरांनी तो हातानंच थांबवला आणि म्हणाल्या, "पाणी मागाहून. आधी संडास दाखवा."

आईला वाटलं, बाईंना घाई झाली असेल. ती लगबगीनं मागच्या दारी घेऊन गेली. सिस्टर आत काही गेल्या नाहीत. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, दिवा पेटतो का, एवढं दारात उभं राहून बघितलं आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. मग तांब्या उचलून अर्धा रिकामा केला. "हां, आता चहा टाकलात तरी चालेल," म्हणाल्या. आई पुढं आठवडाभर ही गोष्ट शेजारणींना सांगत होती आणि शेजारणी आपापल्या घरची तीच गोष्ट तिला सांगत होत्या. सरपंचांचं घर सुटलं नव्हतं, शाळेच्या मुख्याध्यापकांचं सुटलं नव्हतं. एका साखरपुड्यात तर नवऱ्या मुलाकडचे चहा घ्या म्हणून मागं लागले, तर बाईंनी तिथंही तीच अट घातली. वरमाय लाल झाली होती.

चाकण पट्ट्यातलं आमचं गाव. कुरुळी ओलांडली की पुढं कुठंतरी आहे एवढं पुरे. नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्याची लाज माझ्या एकट्याची आहे. गावात आम्ही मूळचे लोक थोडे आणि भाडेकरू फार. जमिनी कंपन्यांना गेल्या, उरल्यासुरल्या तुकड्यावर ज्यानं त्यानं खोल्यांच्या रांगा बांधल्या. हिंगोलीचे, लातूरचे, बीडचे, वाशिमचे लोक त्यात राहतात. आमच्याही आहेत, अठरा. आणि अठरा खोल्यांना संडास दोन, त्यातला एक बहुतेक वेळा तुंबलेला.

सिस्टर होत्या कोकणातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पांढऱ्या साडीखाली कंपनीतले सेफ्टी शूज घालायच्या, पुढं लोखंडी टोपी असलेले. कुणा स्टोअरकीपरच्या मुलाचा ताप उतरवला होता, त्यानं दिले म्हणे. खोल्यांच्या मधल्या बोळांतून सांडपाणी वाहतं, त्यातून त्या ते बूट आपटत यायच्या आणि बाया आतून ओळखायच्या, आल्या म्हणून. काही जणी दार लोटून घ्यायच्या. कारण सिस्टर नाव विचारायच्या नाहीत, गाव विचारायच्या नाहीत, चारचौघांत मोठ्यानं विचारायच्या, "काय गो, आज किती वेळा गेलीस?"

किराणा दुकानात विचारायच्या. गणपतीच्या मांडवात विचारायच्या. कंपनीच्या बसची वाट बघत बाया उभ्या असल्या तर तिथं. एखादी लाजून म्हणाली, "दोन डाव," तर सिस्टर पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. माणसं त्यांना लक्षात राहायची तीही तशीच. मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या कोपऱ्यातल्या खोलीतली ती, रे, चहासारखी लघवी होते ती, तिला उद्या पाठव." मी पंचवीस माणसांवरचा सुपरवायझर, भर चौकात मला तोंड कुठं लपवू असं झालं.

त्यांचं सगळं डॉक्टरी ज्ञान एका वाक्यात यायचं: "गोळी मी देईन, पण रांगेवर गोळी नाय."

हे वाक्य मला समजायला वेळ लागला. पहाटे साडेपाचला पहिल्या शिफ्टची बस येते. त्याआधी अठरा खोल्यांतली सगळी माणसं दोन दारांसमोर. पुरुष निघून जातात रस्त्याच्या कडेला कुठंतरी. बाया उभ्या राहतात. नंबर आला नाही तर तशाच बस पकडतात, आणि कंपनीत लाइन सोडून जायचं तर साहेबाला विचारावं लागतं. म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, मग ताप, मग सिस्टरांच्या गोळ्या, पंधरा दिवस बरं, की पुन्हा तेच. एकाच बाईला एकच गोळी चौथ्यांदा देताना सिस्टरांचं डोकं फिरलं असावं. एके दिवशी पहाटे त्या हातात प्लास्टिकचा डबा घेऊन आमच्याच रांगेत उभ्या राहिल्या.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, दात घासत बाहेर आले. "सिस्टर, तुमी हितं?"

"नंबर लावलाय."

"अवो, घरात चला की. आमच्या घरात हाय."

"तुमच्या घरात आहे ते मी बघितलंय. म्हणून तर इथं उभी आहे."

नंबर येईपर्यंत उजाडलं होतं. त्यानंतर महिनाभर त्या रोज वेगळ्या मालकाच्या खोल्यांपुढं उभ्या राहिल्या आणि उपकेंद्राच्या फळ्यावर, जिथं लसीकरणाचा वार लिहितात तिथं, मालकाचं नाव आणि वाट बघायला लागलेली मिनिटं खडूनं लिहून ठेवू लागल्या. गावात बोंब झाली. सरपंचांनी माणूस पाठवून फळा पुसून घेतला. सिस्टरांनी पुन्हा लिहिलं.

फळ्यानं काही होत नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांना ग्रामसभेचा ठराव हवा होता: दर सहा खोल्यांमागं एक शौचालय, नाहीतर त्या खोल्यांना पंचायतीचं नळजोड नाही. मासिक सभेला त्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या. त्यांचा विषय दर वेळी "आयत्या वेळचे विषय" या शेवटच्या कलमात ढकलला जायचा, आणि ते कलम येईपर्यंत भजी यायची. तिसऱ्या खेपेला त्या उठून म्हणाल्या, "मी गेले तीन महिने इथं येते. मी आयत्या वेळची कशी झाले?" सगळे हसले. मीही सदस्य होतो, मीही हसलो. डिप्लोमा झालेला, इंग्रजी पत्र वाचता येणारा म्हणून गावानं मला बिनविरोध निवडून दिलं होतं.

खरी मेख वेगळीच होती. ग्रामसभेत हात वर करायचा हक्क गावच्या मतदाराला. रांगेत उभी राहणारी सगळी माणसं मतदार हिंगोलीची नाहीतर लातूरची. ज्यांना हात वर करता येत होता त्यांच्या घरात संडास होते आणि दाराबाहेर खोल्या होत्या. हे सिस्टरांनी मला समजावून सांगितलं तेव्हा त्या आमच्या सातव्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यांनी मला मुद्दाम तिथं बोलावलं होतं.

सातव्या खोलीत रेखा राहायची. हिंगोलीकडची, वायरिंगच्या कंपनीत कंत्राटावर. पाचवा महिना लागलेला. दोनदा ताप येऊन गेला होता.

"हिला पाणी पी म्हणून सांगते तर ऐकत नाय," सिस्टर म्हणाल्या. "सांग गो, का ऐकत नाहीस ते. सदस्य आहेत हे."

रेखा खाली बघून म्हणाली, "पानी पिलं की जावं लागतंय. कुटं जावं?"

"दिवस भरायच्या आत बाळंत होतात अशानं," सिस्टर मला म्हणाल्या. "होतीलच असं नाय. पण होतात. आता बोल."

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, "सिस्टर, ठराव आणा. अनुमोदन मी देतो." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मेल्या, शब्द देतोस?" मी म्हणालो, देतो.

त्यांना एक माणूस मिळाला आणि त्या कामाला लागल्या. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा असते आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बहुतेक रजिस्टर घरोघर फिरवून सह्यांवर उरकली जायची. सिस्टरांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं, आणि ठेवलं कुठं, तर हायवेच्या पलीकडं, सरपंचांच्या खोल्यांच्या अंगणात. बोलावणाऱ्या भाडेकरू बाया, पाहुण्या गावातल्या मालकिणी. घरमालकिणीला भाडेकरणीनं वाण लुटायला बोलवायचं आणि तिनं जायचं नाही, असं आमच्या गावात होत नाही. काठापदराच्या साड्या नेसून सगळ्या गेल्या. आई गेली, सरपंचीणबाई गेल्या. वाण म्हणून काय, तर पाण्याची बाटली, भरलेली. तिळगूळ खाऊन तहान लागतेच, वर उसाचा रस, वर मसाला दूध. उखाणे चालले तासभर. मग एकेक जण इकडं तिकडं बघू लागली. शिफ्ट सुटायची वेळ, हायवेवर ट्रेलर एकाला एक लागलेले. पार करून घरी यायचं तर अर्धा तास कुठं गेला नाही. मालकिणी मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. भाडेकरू बाया त्यांना पुढं जा म्हणत होत्या, सिस्टरांनी जाऊ दिलं नाही. "सण आहे. आज सगळ्या सारख्या."

आई घरी आली. रात्री जेवताना आण्णांना एवढंच म्हणाली, "आतनं कडी न्हाई लागत तिथं. येक जण भाईर दार धरून हुबी ऱ्हाती."

महिलांच्या सभेत पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या बाया आल्या आणि ठराव एकमतानं झाला. सहा खोल्यांना एक. सिस्टरांना मी तेव्हा एकदाच हसताना बघितलं. पुढचे दोन वेडेवाकडे दात दिसायचे, म्हणून एरवी त्या तोंड मिटून ठेवत.

सव्वीस तारखेच्या सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत होतो. आण्णा दारात आले. मला वाटलं, भांडतील. ते भांडले नाहीत. बोटांवर मोजत म्हणाले, "अठराला तीन. म्हंजी अजून येक पाहिजे." मग अंगणाकडं बघून म्हणाले, "त्या कोपऱ्यातच बसंल. गाडी कुठं लावशील मंग?"

बस, एवढंच. नवीन चारचाकी घेऊन मला सात महिने झाले होते. तिच्यासाठी कोपऱ्यात पत्र्याची शेड केली होती. आण्णांनी मला धमकी दिली असती, घराबाहेर काढीन म्हणाले असते, तर सांगायला तरी काही राहिलं असतं. मी वाकलो तो एका शेडसाठी.

झेंडावंदन झालं, शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. महिला सभेची शिफारस वाचली गेली. मागून कुरकुर सुरू झाली: जागा कुठाय, टाकी कुठं खणायची, वरच्या मजल्यावर पाइप कसा न्यायचा. सरपंच पेचात. घरची बाई रांगेत उभी राहिली होती, तेव्हा सरळ नाही म्हणवत नव्हतं. सिस्टर खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं मान हलवली.

मी उठलो. आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. नवीन ड्रॉइंग आलं की नवीन माल त्याप्रमाणं बनवायचा, आणि गोदामात पडलेला जुना माल आहे तसा चालवून घ्यायचा. कागद सगळे बरोबर राहतात, कुणाचं नुकसान होत नाही, ऑडिटरही खूश. मी क्वालिटीचा माणूस, ते कागद रोज करतो. मी बोललो छान. माताभगिनींचं आरोग्य वगैरे. मग म्हणालो, "ठरावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त तो व्यवहार्य व्हावा म्हणून एवढी सुधारणा सुचवतो की, यापुढं ज्या खोल्या बांधल्या जातील त्यांना हा नियम लागू करावा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "वा राव! शिकलेला मानूस तो शिकलेला." गावात खोल्या बांधायला रिकामी जागा कुठंच उरली नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही.

सिस्टर पुढं आल्या. "आहेत त्यांचं काय? माणसं आत्ता आहेत त्याच खोल्यांत राहतात ना?"

सरपंच आता मोकळे झाले होते. अगदी अदबीनं म्हणाले, "सिस्टर, तुमचं मत आमाला शिरसावंद्य. पन तुमचं नाव आमच्या यादीत न्हाई. तुमाला सभेत बोलता न्हाई येत."

त्यांचं नाव कोकणातल्या त्यांच्या गावच्या यादीत होतं. सातव्या खोलीतल्या रेखाला जेवढा हक्क होता तेवढाच त्यांना होता. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. बायांच्या बाजूला आई बसली होती, तिनं हात वर केला नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही. जिलेबी वाटली गेली.

सिस्टर माझ्याशी बोलायच्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोलिओच्या याद्या घेऊन आल्या, चहा प्यायल्या, जाताना म्हणाल्या, "कडेचा संडास तुंबलाय तेवढा काढून घे." मी माणूस लावून काढून घेतला आणि दोन दिवस मला फार बरं वाटलं. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात काढतो बघा.

मार्चमध्ये रेखाला तिसऱ्यांदा ताप भरला, या वेळी थंडी वाजून, कंबर धरून. सिस्टरांनी स्वतः रिक्षात घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. सातव्या महिन्यात मुलगी झाली. चार दिवस जगली. आमच्या आईनं रेखाला दोन वेळचा डबा पोचवला. माझं तिकडं जायचं धाडस झालं नाही.

आठवड्यानं मी उपकेंद्रावर गेलो. सिस्टर सुया मोजत होत्या. मी विचारलं, "सिस्टर, त्यामुळंच झालं का?"

त्यांनी हातातलं काम संपवलं, मग बोलल्या. "डॉक्टरांनी चार कारणं लिहिलीत. हे त्यातलं एक. त्यामुळंच झालं का ते मला ठाऊक नाय, त्यांनाही नाय. तुला काय ऐकायचंय? हो म्हटलं तर तू रडशील. नाय म्हटलं तर घरी जाऊन झोपशील. दोन्हीचा तिला काय उपयोग?"

सिस्टरांनी पुढचं खोकं ओढलं. त्या पुन्हा सुया मोजू लागल्या.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, जुन्नरच्या पलीकडं कुठंतरी. निरोप समारंभाला सरपंचांनी शाल दिली. मी भाषण केलं नाही, हे एक त्यातल्या त्यात बरं केलं. त्या गेल्यावर महिन्याभरात मी शेड मोडली आणि तिथं तिसरा बांधला. दोन गवंडी, तीन आठवडे. गाडी आता रस्त्यावर लावतो, तिला काही होत नाही. आण्णा काही बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. म्हणजे सभेत मी शब्द पाळला असता, तरी फार काही बोलले नसते.

सिस्टरांना फोन करून सांगितलं. मला वाटलं, खूश होतील.

"चांगलं केलंस. आणि शेजारच्या मालकानं? सरपंचानं?"

मी म्हणालो, "त्यांचं माझ्या हातात नाही, सिस्टर."

"होतं," त्या म्हणाल्या. "तू बांधलास ते तुझं पुण्य. मला कुणाचं पुण्य नको होतं रे, नियम हवा होता. तुझा मूड गेला तर उद्या तू त्याला कुलूप लावशील." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आई बरी आहे ना? पाणी पिते ना?"

आमचा ठराव आता आजूबाजूच्या तीन-चार पंचायतींनी उचलला आहे. शब्दन् शब्द तोच, माझ्या सुधारणेसकट. विरोध कुठंच होत नाही म्हणे. तालुक्याला गेलो की कुणीतरी पाठ थोपटतं, "भाऊ, तुमचा ड्राफ्ट लई कामाला आला." मी हसतो.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. ती सांगतो आणि थांबतो.

मुलगी गेल्यावर दोन महिन्यांनी रेखा आणि तिचा नवरा खोली सोडून गावी निघाले. तेव्हा तिसरा बांधला नव्हता. छोट्या टेम्पोत सामान भरलं: एक कपाट, गॅस, दोन बादल्या, एक गुंडाळलेली गादी. मी कामावर निघालो होतो, समोरासमोर गाठ पडली. चुकवता येण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा पुढं ड्रायव्हरशी बोलत होता. रेखा माझ्याजवळ आली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "भाऊ, सिस्टर सांगत व्हत्या, सभेत तुमीच आमच्यासाटी बोललाव म्हून. सगळे मालक येकीकडं आन् तुमी येकटे आमच्याकडनं. आमच्यासारक्यासाटी कोन बोलतंय सांगा."

सिस्टर हे तिला कधी म्हणाल्या असतील, सभेच्या आधी की नंतर? मी आजवर विचारलेलं नाही. त्या वेळी तर माझ्या डोक्यात तो प्रश्न आलाही नाही. रेखा हात जोडून उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, थुंकली असती तोंडावर. तो तिचा हक्क होता आणि तेवढा तरी मी तिला देऊ शकत होतो.

"केला प्रयत्न," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "परत इकडं आलात तर आपलीच खोली समजा," असंही म्हणालो.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि टेम्पोत जाऊन बसली.